यादीत नसलेला चष्मा

चष्म्याच्या दुकानात गेलात की तुम्हाला तीन माणसं भेटतात. एक नंबर तपासतो, एक फ्रेमी दाखवतो आणि एक बिल करतो. चष्मा बनवणारा माणूस भेटत नाही. तो मागच्या खोलीत असतो आणि त्याच्याबद्दल गिऱ्हाईक एकच प्रश्न विचारतं, ‘संध्याकाळपर्यंत मिळेल ना?’ सदाशिव पेठेतल्या एका दुकानात तो मागच्या खोलीतला माणूस एकतीस वर्षं मी होते. आमच्या धंद्यात हे काम करणाऱ्याला फिटर म्हणतात. पुण्यात तेव्हा दुसरी बाई फिटर असली तर मला ठाऊक नाही.

काम सांगायला सोपं आहे. काच येते ती बशीसारखी गोल. लेन्स प्लास्टिकची असली तरी आम्ही तिला काचच म्हणतो. ती फ्रेमच्या आकाराची घासायची आणि बसवायची. पण प्रत्येक काचेला एक मध्य असतो आणि तो बरोबर बाहुलीसमोर यावा लागतो. मोठ्या नंबरात तो दोन मिलिमीटर सरकला तरी माणसाचं डोकं दुखतं. मग तो डॉक्टर बदलतो, पित्ताच्या गोळ्या घेतो, बायकोवर चिडतो. चष्म्याचा संशय येतो सगळ्यात शेवटी.

कधीकधी तो संशय विनाकारणही येतो. पेठेतलेच एक गृहस्थ नवा चष्मा तीनदा परत घेऊन आले. म्हणाले, ‘यातून माझ्या घरातली फरशी तिरकी दिसते.’ मी काच तिन्ही वेळा तपासली, ती चोख होती. शेवटी दुपारच्या सुट्टीत त्यांच्या घरी गेले आणि फरशीवर एक गोटी ठेवली. गोटी घरंगळत थेट मोरीत गेली. त्या घरात ते चाळीस वर्षं राहत होते. ‘म्हणजे जुना चष्मा चुकीचा होता तर,’ एवढंच म्हणाले आणि मला चहासुद्धा विचारला नाही.

दुकान नानांचं. मी तिथे गेले होते बिलं लिहायच्या नोकरीसाठी. नाना म्हणाले, ‘बिलं कोणीही लिहील. तुमचा हात बघू.’ त्यांनी मला एक बारीक स्क्रू आणि पेचकस दिला. मी तो पहिल्याच झटक्यात बसवला आणि मागच्या खोलीत गेले, ती तिथलीच झाले. हाताखाली धरून शिकवलं ते दत्ताने. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, लातूरकडचा, फार कमी बोलणारा. काच घासताना तो बघायचा नाही, ऐकायचा. घासायच्या फिरत्या दगडाचा आवाज बदलला की काच उचलायचा. ते ऐकायला शिकायला मला दोन वर्षं लागली.

नाना गेल्यावर दुकान त्यांचा मुलगा मिलिंद बघू लागला. मुलगा वाईट नाही. लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचा आणि मला शैलामावशी म्हणायचा. टाळेबंदी लागून महिना झाला तेव्हा त्याचा फोन आला. आधी त्याने सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाला, ‘मावशी, दुकान कधी उघडेल सांगता येत नाही. पुढे काचा बाहेरूनच घासून घ्याव्यात असा विचार आहे. तुम्ही आणि दत्ताकाका आता आराम करा. आपण समजून घ्याल.’

मी म्हणाले, ‘समजलं.’

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि काही सुचेना म्हणून तांदूळ निवडत बसले. ते आधीच निवडलेले होते. एकतीस वर्षांत माझ्या हाताखालून किती चष्मे गेले असतील ते मी कधी मोजलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, मोजायला हवं होतं, म्हणजे निदान भांडता तरी आलं असतं.

त्या दिवसांत सगळीकडे एकच शब्द होता, अत्यावश्यक. दूध अत्यावश्यक, औषध अत्यावश्यक, किराणा अत्यावश्यक. चष्म्याचं दुकान त्या यादीत नव्हतं, निदान आमच्या भागात तरी तेव्हा नव्हतं. आमच्या चौकात आमच्याआधी दारूचं दुकान उघडलं आणि त्यापुढे चुन्याचे गोल आखून लोक उभे राहिले. माझा मुलगा निखिल हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला कंपनीने छापील पत्र पाठवलं होतं की याचं काम अत्यावश्यक आहे, याला कोणी अडवू नये. तो आमच्या बाहेरच्या खोलीत अर्ध्या चड्डीवर बसून काम करत होता. त्याला अडवणार कोण, तर मी, तेही केर काढताना. परदेशातल्या कुठल्या तरी दुकानाच्या वेबसाइटचं काम होतं. मी त्याला विचारलं, ‘ते काय विकतात रे?’ तो स्क्रीनकडेच बघत म्हणाला, ‘कुत्र्यांचे कपडे.’ मग दोघंही हसलो. पण हसून झाल्यावर मला वाईट वाटलं.

अशातच एका सकाळी दारावर सिस्टर वनमाला आल्या. समोरच्या इमारतीत एका खोलीत भाड्याने राहायच्या, मूळच्या यवतमाळकडच्या, वय तिशीच्या आत. एका मोठ्या रुग्णालयात त्यांची कोविड वॉर्डात ड्यूटी होती. दारापासून सहा फुटांवर उभ्या राहून त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी खाली ठेवली.

‘मावशी, तुम्ही चष्म्याचं काम करता असं दूधवाल्या काकांनी सांगितलं. सगळी दुकानं बंद आहेत. एवढं करून द्या ना जी.’

पिशवीत चष्मा होता. नंबर उणे अकरा. म्हणजे चष्मा काढला तर स्वतःचा हातसुद्धा नाकाशी आणल्याशिवाय दिसणार नाही. वॉर्डातल्या जंतुनाशकाने फ्रेम ठिसूळ झाली होती आणि एक दांडी बिजागरीतून उखडली होती. सिस्टरनी ती जखमेच्या चिकटपट्टीने बांधली होती.

‘घसरतो हो,’ त्या म्हणाल्या. ‘आत तोंडाला हात लावता येत नाही. आठ तास तसंच राहावं लागतं. काल सिरिंजवरच्या रेघा मला दोन दोन दिसून राहिल्या होत्या. मी दुसऱ्या सिस्टरला वाचायला लावलं. ती नसती तर?’

‘रुग्णालयात कोणाला सांगितलं नाही का?’

‘सांगितलं. म्हणाले, दुसरा चष्मा वापरा. दुसरा कुठून आणू?’

माझ्याकडे घरी काय होतं? पेचकस, पकडी, हाताने फिरवायचं बारीक ड्रिल आणि माळ्यावर काच घासायचा जुना दगड. नानांनी नवं यंत्र घेतलं तेव्हा तो भंगारात चालला होता, तो मी मागून घेतला होता. का घेतला ते मलाही सांगता आलं नसतं. मी चष्मा साबणाने धुतला, बिजागरीच्या जागी आरपार भोक पाडलं, सेफ्टी पिनची तार त्यात घालून दोन्हीकडून वळवली आणि अर्ध्या तासात दांडी बसवून दिली. सिस्टरनी चष्मा घातला, मान हलवून पाहिली आणि खाली बसून रडायला लागल्या. मी जवळ जाऊ शकत नव्हते. उंबऱ्याच्या आत उभी राहून मीही डोळे पुसले आणि मग विचारलं, ‘आत नक्की काय होतं ते नीट सांगा.’

त्यांनी सांगितलं. डोक्यावर टोपी, त्यावर अंगभर पोशाख, तोंडावर मास्क, चष्म्यावर मोठा गॉगल. घाम येतो, चष्मा घसरतो, श्वासाने काचांवर धुकं बसतं. चष्मा असलेली प्रत्येक सिस्टर अर्धी आंधळी होऊन काम करत होती.

हे ऐकल्यावर मला आरामात बसवेना. त्या गेल्यावर मी विचार सुरू केला. कानावर दांड्या हव्यातच कशाला? दांड्या काढून टाकल्या, फ्रेमच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि शिवणाच्या डब्यातलं इलास्टिक ओवलं. पट्टी टोपीच्या आतून डोक्यामागे जाईल, चष्मा घसरणार नाही. सिस्टरकडे कॉलेजच्या वेळचा, दांड्या मोडल्या म्हणून पडून असलेला जुना चष्मा होता, नंबर जवळजवळ तोच. तो मी असा करून दिला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या त्या डोकं धरून. ‘घसरला नाही मावशी, पण डोकं फुटून राहिलं. आणि पापण्या काचेला लागतात.’

तेव्हा मला माझी चूक कळली आणि लाज वाटली, कारण ही चूक शिकाऊ फिटरची होती. इलास्टिकने चष्मा डोळ्याच्या फार जवळ ओढला होता. उणे अकराची काच डोळ्याच्या जवळ गेली की नंबर वाढल्यासारखा होतो. मी नाकावरच्या गाद्या काढल्या आणि जुन्या फ्रेमींच्या दोन-दोन गाद्या एकमेकींवर बसवून काच पहिल्या अंतरावर आणून ठेवली. धुक्यासाठी दोन साधे उपाय सांगितले. मास्कची वरची कड नाकावर कागदी चिकटपट्टीने बंद करायची, म्हणजे श्वास वर येत नाही. आणि काचेवर ओल्या साबणाचं बोट फिरवून कोरड्या मऊ कापडाने पुसायचं. दत्ता हे हिवाळ्यात चहा पिताना स्वतःच्या चष्म्याला करायचा.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोठी पिशवी होती.

‘आठ तास सगळं दिसलं,’ त्या म्हणाल्या. ‘हे बाकीच्यांचे चष्मे. नऊ आहेत.’

असं माझं काम सुरू झालं. काहींच्या काचा तडकलेल्या असायच्या, त्या बदलायला काचा कमी पडू लागल्या तेव्हा निखिलने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं की घरातले जुने, न लागणारे चष्मे द्या. लोकांनी दिले. गेलेल्या माणसांचे चष्मे कोणाला टाकवत नाहीत, ते कपाटात असतातच. आणि जुन्या काळच्या त्या मोठमोठ्या चौकटींमधली एक काच घासली की आजच्या लहान फ्रेमीत आरामात बसते. तिरक्या नंबराची काच असली तर तिचा कोनही हवा तसा फिरवून घेता येतो.

अडचण एकच होती, दगडाचा आवाज. घरात बसून सगळेच वैतागले होते आणि माझा दगड सकाळी दहापासून घरघरायचा. आठवड्याने जिन्यात सूचना लागली. ‘ही निवासी इमारत आहे, गिरणी नव्हे. आवाज करणाऱ्यांनी व त्यांच्याकडे येणाऱ्यांनी नोंद घ्यावी.’ खाली सही सोसायटीच्या अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे आगाशे सर, कायद्याचे निवृत्त प्राध्यापक, एकटे राहणारे. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. रुग्णालयातल्या पिशव्या इमारतीत येतात याची लोकांना भीती होती. मी दोन दिवस काम बंद ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी एक माणूस आला. पन्नाशीचा, हडकुळा, उन्हाने रापलेला. फाटकाच्या बाहेरच उभा राहून त्याने हाक मारली, ‘चष्मेवाल्या बाई हितंच ऱ्हातात का?’ मी खाली गेले. आगाशे सर पहिल्या मजल्यापर्यंत उतरून जिन्याच्या खिडकीत उभे राहिले, मी नियम मोडते का ते बघायला.

त्या माणसाचं नाव शिंदे. नदीकाठच्या स्मशानभूमीत कामाला होता. रुग्णालयातल्या कोणीतरी माझं नाव सांगितलं होतं. त्याने कधीच चष्मा लावला नव्हता. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं तसं त्याचं झालं होतं, पण आजवर चष्म्याची गरज पडली नव्हती.

‘बाई, मला पेपर वाचायचा न्हाई,’ तो म्हणाला. ‘फकस्त नाव वाचायचं हाय. चिठ्ठी असती, पिशवीवर चिकटवल्याली, बारीक अक्षराची. घरचं कुणी आत येत न्हाई. आमीच सगळं करतो आन् अस्थी बाहेर आणून देतो. परवा दोन पाटील होते. मी चार येळा दुसऱ्याकडनं वाचून घेतलं. एका पोराच्या हातात दुसऱ्याचा बाप दिला तर ते पाप मी कुठं फेडू?’

मी फाटकाच्या या बाजूला स्टूल ठेवलं, त्यावर वाचायचा तक्ता ठेवला आणि मागे सरले. जुन्या चष्म्यांमधले जवळचे नंबर एकेक करून त्याला लावून पाहायला सांगितले. अधिक दोनवर तो थांबला. त्याने तक्ता सोडला आणि खिशातून स्वतःचं ओळखपत्र काढून वाचलं. मग फाटकावरची आमच्या इमारतीची पाटी वाचली, मग जिन्यातली सूचना वाचायला मान पुढे केली.

‘ती लांबची आहे, तिला चष्मा काढा,’ मी म्हणाले.

त्याने चष्मा काढला, सूचना मोठ्याने आणि सावकाश वाचली आणि मला म्हणाला, ‘मी आल्यामुळं तुमाला तरास हुईल का?’

मी काही बोलायच्या आत खिडकीतून आगाशे सरांचा आवाज आला. ‘होणार नाही. ती सूचना रद्द झाली आहे.’

शिंदे गेल्यावर सर खाली आले, सूचना काढली आणि तिची नीट घडी केली. मला म्हणाले, ‘आवाज सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा. मधल्या वेळात मी झोपतो.’ मग दोन पायऱ्या चढून वळले. ‘आणि आपण हे सगळं घरात लपून का करता आहात?’

‘परवानगी नाही, सर. चष्मा अत्यावश्यक नाही.’

‘असं कोण म्हणतं?’

‘यादी.’

‘यादी कोणीतरी घाईत केलेली असते,’ ते म्हणाले. ‘तिला उत्तर द्यायचं असतं.’

तेव्हा खरा प्रश्न असा होता की रुग्णालयाच्या मेट्रनबाईंनी मला बोलावलं होतं. चष्मा प्रत्येकीच्या चेहऱ्यावर बसवून पाहावा लागतो, पिशवीतून ते होत नाही. त्या मला बाहेरच्या आवारात एक खोली द्यायला तयार होत्या. पण जायचं कसं? निखिलने पाससाठी ऑनलाइन अर्ज भरला. त्यात कामाचा प्रकार निवडायचा होता. चष्मा कुठेच नव्हता. त्याने ‘इतर’ निवडलं. अर्ज नामंजूर झाला. पुन्हा भरला, पुन्हा नामंजूर. निखिल म्हणाला, ‘आई, माझं पत्र घेऊन जा.’ तो चिडून बोलत होता, पण त्याचे डोळे भरले होते. ज्याला जायचं नव्हतं त्याच्याकडे पत्र होतं.

आगाशे सरांनी हाताने अर्ज लिहिला. मला वाटलं दोन पानं लिहितील. चारच ओळी होत्या. मी विचारलं, ‘एवढाच?’ ते म्हणाले, ‘वाचणाऱ्याला कंटाळा यायच्या आत अर्ज संपला पाहिजे.’ सोबत वनमाला सिस्टरनी आणून दिलेलं मेट्रनबाईंचं पत्र जोडलं आणि मी चालत क्षेत्रीय कार्यालयात गेले. वाटेत दोन ठिकाणी पोलिसांनी अडवलं, दोन्ही ठिकाणी मेट्रनबाईंचं पत्र दाखवलं.

तिथले अधिकारी चाळिशीचे असतील. रात्रंदिवस काम करून चेहरा उतरलेला. त्यांनी अर्ज वाचला. ‘बाई, दवाखाना समजू शकतो, औषध समजू शकतो. चष्मा अत्यावश्यक कसा?’

माझी तयारी काहीच नव्हती. त्यांच्या नाकावर चष्मा होता. काचेची कड बघूनच मला नंबर कळतो.

‘साहेब, तुमचा उणे साडेचार आहे. डाव्याला थोडा जास्त.’

त्यांनी मान वर केली.

‘तो जरा काढा आणि समोर किती माणसं उभी आहेत ते सांगा.’

बाजूच्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता बाहेर काढतील. पण त्यांनी चष्मा काढला, रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

‘माणसं आहेत एवढं कळतंय,’ ते म्हणाले.

‘वॉर्डातल्या सिस्टरना सध्या तेवढंच कळतं.’

त्यांनी चष्मा घातला आणि कारकुनाला सांगितलं, ‘वैद्यकीय उपकरणं, दुरुस्ती, असं लिहा.’ सही करून पास माझ्यासमोर सरकवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘माझी एक दांडी सैल झाली आहे. बघता का?’ पेचकस माझ्या पर्समध्येच होता.

त्या दिवशी परत येताना पोलिसांनी पुन्हा अडवलं. मी पास काढला आणि तो नुसता दाखवला नाही, त्यांना वाचायला लावला. खोटं का बोलू, मला ते फार आवडलं.

रुग्णालयाच्या आवारात मला सायकल स्टँडशेजारची खोली मिळाली. एक टेबल, एक खुर्ची, पाण्याचा नळ. जवळजवळ दीड वर्ष मी तिथे आठवड्यातून चार दिवस जात होते. सिस्टर, डॉक्टर, वॉर्डबॉय, झाडूवाल्या मावशी, रुग्णवाहिकेचे चालक, सगळे एका रांगेत यायचे. एक मोठे डॉक्टर रांग सोडून पुढे आले तर मेट्रनबाई त्यांना म्हणाल्या, ‘सर, इथे नंबर चष्म्याचा नसतो, रांगेचा असतो.’ ते निमूट मागे गेले. दुसऱ्या लाटेत पट्टीचे चष्मे वॉर्डात सगळ्यांच्या परिचयाचे झाले होते. नव्या सिस्टरला जुन्या सिस्टर पहिल्याच दिवशी सांगायच्या, ‘आधी सायकल स्टँडवर जाऊन ये.’

दुकानं उघडली तेव्हा मिलिंदचा फोन आला. बाहेरून घासून आणलेल्या काचा परत येत होत्या. गिऱ्हाइकं विचारत होती, मागे बसणाऱ्या बाई कुठे गेल्या. एकतीस वर्षांत मला वाटायचं, त्यांना माझा पत्ताच नाही.

‘मावशी, परत या. पगारही वाढवतो.’

‘दत्तासकट?’

‘दोघांचं परवडणार नाही. फक्त तुम्ही.’

‘मग नको, मिलिंद,’ मी म्हणाले. रागाने नाही म्हटलं. त्या वेळेपर्यंत राग उरलाच नव्हता. मला फक्त कळलं होतं की माझं काम दुकानात नव्हतं, हातात होतं.

लगेच मी दत्ताला फोन लावला. आपण दोघं मिळून स्वतःचं काम सुरू करू, असं सांगणार होते. त्याने शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘उशीर केलास, शैला.’ गावी जाऊन तो साखर कारखान्यात गेटवर लागला होता. घर तिथेच लावलं होतं, नातवाला शाळेत घातलं होतं. ‘आता इथेच जम बसलाय माझा,’ म्हणाला. मी पहिला पट्टीचा चष्मा केला त्याच दिवशी त्याला बोलावलं असतं तर तो आला असता. मला तेव्हा स्वतःचीच खात्री नव्हती, म्हणून थांबले. या सगळ्यात माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट ही एकच आहे. पुण्यात काच ऐकणारा माणूस होता आणि त्याला आम्ही गेटवर बसवला.

कार्यशाळा मी इमारतीतल्याच एका रिकाम्या गॅरेजमध्ये काढली. सोसायटीच्या सभेत ठराव आगाशे सरांनी मांडला. एकाने विचारलं, ‘आवाजाचं काय?’ सर म्हणाले, ‘मला सवय झाली आहे. तो थांबला की झोपमोड होते.’ ठराव मंजूर झाला.

माझ्याबरोबर आता दोघी काम करतात. पहिली आली ती कल्पना, दुसरी नंतर तिच्याच ओळखीने आली. खराडीच्या एका आयटी कंपनीत कल्पना नऊ वर्षं साफसफाईला होती. कार्यालय रिकामं झालं तसं ठेकेदाराने तिला आणि तिच्याबरोबरच्या सगळ्यांना एका मेसेजवर घरी बसवलं. साहेब लोक घरून काम करू शकत होते. तिचं काम घरून होणारं नव्हतं. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मॅडम, मला काचेतलं काही येत नाही.’ मी विचारलं, तिथे काय करायचीस? ‘काचेच्या केबिनी पुसायचे. एक बोट दिसलं तरी ओरडा पडायचा.’ मी म्हटलं, मग तुला निम्मं येतं. आज उणे अकराची काच ती माझ्याहून सुबक घासते. आवाज ऐकून. मध्ये एकदा दत्ता पुण्याला आला होता. दहा मिनिटं तिच्या मागे उभा राहून त्याने डोळे मिटून ऐकलं आणि ‘बरोबर उचलते’ म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे ती पदवीच. तिला तेव्हा त्याची किंमत कळली नाही. मी समजावून सांगितली.

दोन रुग्णालयं आणि चार नेत्रतज्ज्ञ आता अवघड नंबरांची कामं आमच्याकडेच पाठवतात. वनमाला सिस्टर त्याच रुग्णालयात वॉर्डाच्या इनचार्ज झाल्या आहेत. शिंदे दर दोन वर्षांनी नंबर वाढवून घ्यायला येतो. फाटकाबाहेर थांबत नाही, आत येऊन खुर्चीत बसतो.

गेल्या महिन्यात गॅरेजसमोर एक गाडी थांबली आणि नानांच्या पत्नी, माई, हळूहळू उतरल्या. वय त्र्याऐंशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नव्या चष्म्याचा कागद हातात. गाडी मिलिंदच चालवत होता. तो आत आला नाही, दारात उभा राहिला.

‘माई, तुमचं घरचं दुकान असताना?’ मी म्हणाले.

‘तिथे विकतात,’ माई म्हणाल्या. ‘मला बनवून हवाय.’

मी त्यांना बसवलं, बाहुल्यांमधलं अंतर दोनदा मोजलं आणि काच स्वतः घासली. माईंनी मिलिंदला घरी पाठवलं नाही. तो तेवढा वेळ दारातच उभा होता. कल्पनाने त्याला खुर्ची दिली तेव्हा बसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, ‘मावशी, काचा इथूनच घासून घ्याव्यात म्हणतो. आपली हरकत नसेल तर.’

‘हरकत कसली? रांगेत द्यायच्या,’ मी म्हणाले.

चष्मा तयार झाला. मी तो माईंच्या कानांवर बसवला, नाकावर जरा खाली घेतला. त्यांनी आधी स्वतःचे हात पाहिले, मग मला पाहिलं, मग दाराकडे मान वळवली आणि बराच वेळ बघत राहिल्या.

‘अगंबाई,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘मिलिंदचे केस सगळे पांढरे झाले की गं.’